देवीच्या पायांवर घातलेली लेक

सोसायटीतल्या बायका आपापली पोरं घेऊन पोलिओच्या डोसाला निघाल्या, की मी दार लावून घ्यायची. माझी शुभा तेव्हा चार वर्षांची. तिला रक्ताचा कर्करोग झालेला, उपचार चालू होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिला डोस पाजू नका. त्यात दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. तेवढ्यांशी लढायचीसुद्धा ताकद हिच्यात नाही. आणि गोवर, कांजिण्या आलेल्या मुलांपासून लांब ठेवा." मी मान हलवली खरी, पण डोक्यात गोंधळच. जे सगळ्यांच्या पोरांना तारतं, ते माझ्याच पोरीला बाधणार? हे शास्त्र म्हणायचं की कुणाचा कोप? आजारपणात गावी साताऱ्याकडे जाऊन देवीची ओटी भरायची राहिली होती. मन तिथंच जाऊन अडकायचं.

त्यातच कळंबोलीला माझ्या नणंदेच्या मुलाला कांजिण्या आल्या. आमच्यात कांजिण्या म्हणत नाहीत, देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंब बांधतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्या पोरालाच देवी मानून हात जोडतात. वन्संनी शेजारच्या फोनवर मुद्दाम निरोप दिला होता, "वहिनी, शुभाला आनू नका हं. देवी शांत झाली की मीच येते." मला मात्र उलटंच वाटलं. गावची देवी एवढ्या जवळ आलीय आणि मी पोरीला लपवून ठेवू? हे कामावर गेले आणि मी ऐरोलीहून पोरीला घेऊन निघाले.

दारातच वन्सं ओरडल्या, "अवो वहिनी, हिला कशाला आनलं? खूळ लागलं का तुमाला?" त्यांनी माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला, आत गेले आणि शुभाचं डोकं त्या पोराच्या पायांवर टेकवलं. पोर तापानं फणफणलेलं. ते नुसतं बघत राहिलं.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. शुभाच्या डोक्याचा रुमाल सरकला, केस गेलेले दिसले, तशी त्यांनी हळूच विचारलं, "औषधं चालू आहेत का हिची? कुठनं आलात?" का कोण जाणे, घरी जे कधीच सांगितलं नसतं ते मी त्यांना सांगून टाकलं. त्यांचा चेहराच उतरला. "माझ्या भाचीला असंच..." एवढंच म्हणाल्या. वाशीला त्यांनी आम्हाला उतरवलंच. "घरी जायचं नाही. आधी डॉक्टरांना फोन." मी पीसीओत बोलत होते तोवर शुभा त्यांच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी तसंच निघून यायला सांगितलं. बाहेर आले तर त्यांनी शुभाचा हात माझ्या हातात दिला आणि गर्दीत निघून गेल्या. नावही विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी कांजिण्यांशी लढणारी तयार प्रतिकारशक्ती इंजेक्शनातून दिली. वेळेत आलात, म्हणाले. पुढे शुभाच्या अंगावर थोडे फोड आले, आणखी औषध चाललं, पण पोर तगली. आणि मी? मी ह्यांना सांगितलं, "घरात देवी आलीय हे वन्सं बोलल्याच नाहीत, गेल्यावर कळलं." ह्यांनी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. वन्संनी मात्र एका शब्दानं माझं खोटं उघडं पाडलं नाही. मी रोज देवापुढे हात जोडायची आणि नेमकं तेवढंच त्याला सांगायची नाही.

उपचार संपले. काही महिने थांबून डॉक्टरांनी लशी पुन्हा सुरू करायला सांगितल्या. औषधांनी शरीराला जुन्या लशींची आठवण राहिली नसेल, म्हणाले. कडेवरच्या बाळांच्या रांगेत माझी सहा वर्षांची लेक उभी. "आई, या सगळ्यांची मी ताई का गं?" असं विचारून स्वतःच हसली. तिचा नंबर आला, सुई दिसली, आणि मी डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले ते मलाच कळेना. कळंबोलीच्या देवीला, बसमधल्या त्या बाईंना, की डॉक्टरांना? नर्स वैतागली. "अहो बाई, हात सोडा आणि पोरीचा दंड धरा! हलली तर सुई मोडेल."

मी दंड धरला. घट्ट. तिच्या अंगातली ऊब हाताला लागली आणि मला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी ह्यांना सगळं खरं सांगितलं. ह्यांनी उठून चपला घातल्या. "चल. ताईकडे जाऊ. काय ते तू तिथं बोल."

वन्संनी दार उघडलं. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मधेच धरलं. "ऱ्हाऊ द्या वहिनी. पोरगी कुठाय? तिला आत घ्या आधी."

कृपा कुठून आली, ते मला आजही नीट कळत नाही. पूर्वी ते कळावं म्हणून जिवाचा आटापिटा करायची. आता ती आली एवढ्यावर भागतं. शरण जाणं म्हणजे पोरीला कुणाच्या पायांवर टाकून मोकळं होणं, असं मला वाटायचं. तसं नाही ते. आपल्या वाट्याचं खरं बोलावं, पोरीचा दंड धरावा, आणि उरलेलं देवावर सोडावं. त्याने माझी लेक राखली, आणि माझ्यासारखीलाही राखलं.