तिकीट काढून पाहिलेला अळू

लेकीच्या परदेशातल्या शहरात बंदराच्या कडेला काचेचं मोठं घर बांधून त्यात उष्ण प्रदेशातलं जंगल वाढवलं आहे. बाहेर बोचरा वारा होता. आत शिरताच आमचे चष्मे धुरकटले आणि सासूबाईंनी शाल काढली. इथे आल्यापासून थंडीने त्यांचं जेवण दोन घासांवर आलं होतं. मला त्याचीच काळजी होती.

आधी धबधबा, मग पोपट, मग झुलता पूल, असा क्रम मी ठरवला होता. सासूबाई पहिल्याच वळणावर थांबल्या.

"अगं, हा तर अळू! आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर माजतो, आणि इथे तिकीट काढून बघायचा?"

"आई, हात लावू नका, पाटी आहे."

"असू दे पाटी. देठ बघ कसा काळा आहे. वड्यांचाच आहे हा."

प्रवासाला निघताना आपण न पाहिलेल्या गोष्टींचीच यादी करतो. पण परमुलखात ओळखीचं एक पान दिसलं की माणूस केवढा खुलतो! काचेपलीकडे बोटी डुलत होत्या आणि सासूबाई बेसन किती, चिंच किती, हे हातवारे करून सांगत होत्या. मध्येच थांबल्या.

"पुरे झालं बघणं," त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीय."