मैनेची नवमी

बेलपाड्याच्या गोदूबाई ठाकूर यांच्या घरात पावणेदोनशेच्या वर वयाचा एक माणूस जिवंत होता आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

त्याचं नाव काशीराम. गोदूबाईंचे यजमान भगवान, त्यांचा हा खापरपणजोबा. मिठागरातलं काम सुटलं म्हणून मुंबईला गेला, तिथून मजुरीसाठी मॉरिशसच्या जहाजात चढला, तो परत आला नाही. मेल्याची बातमीही आली नाही. त्याची बायको मैना शेवटपर्यंत ठसठशीत कुंकू लावून वावरली आणि प्लेगच्या साली तशीच गेली. घरच्यांनी सोपा निकाल लावला. बातमी नाही, म्हणजे माणूस आहे. पितृपक्षात काशीरामचं पान वाढायचं नाही. आणि मैना सवाष्ण गेली, तेव्हा तिच्या नावाने अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची. मिठागरं गेली, शेतं गेली, इमारतींना लिफ्ट आल्या, पण हा नेम सुटला नाही.

गोदूबाईंना ते न वाढलेलं पान डाचायचं. "सगले जेवतान, तो एकटाच भुका," त्या म्हणायच्या.

भगवान वारल्यावर त्यांनी शोध मनावर घेतला. भांडवल काय, तर दहावीपर्यंतचं इंग्रजी आणि मुलाचा जुना लॅपटॉप. जहाजाने गेलेल्या मजुरांची नावं, गावं, अंगावरच्या खुणा मॉरिशसच्या दप्तरात अजून जपून ठेवल्या आहेत, एवढं कळल्यावर त्यांनी तिकडे ईमेलचा सपाटा लावला. उत्तरं यायची ती गोड आणि रिकामी. काशीराम पुष्कळ होते, बेलपाड्याचा एकही नव्हता. दुसरं कुणी असतं तर कधीच नाद सोडून मालिका बघत बसलं असतं. या बाई मोबाइलवर मालिका लावून नोंदी चाळत बसायच्या.

एकदा पनवेलहून बाजार करून येताना त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बेलपाऱ्याला चल." आणि पाय रिक्षात ठेवता ठेवता थांबल्या. त्यांच्या बोलीत ड चा र होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी. यावरून शाळेत त्यांच्या मुलांची काय कमी थट्टा झाली होती? काशीरामने गावाचं नाव कारकुनाला थोडंच लिहून दिलं असणार! घरी येऊन भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी कळवलं, बेलपारा शोधा.

नोंदीचे फोटो आले. काशीराम, बेलपारा, पनवेल, डावी करंगळी अर्धी. त्या अर्ध्या करंगळीची गोष्ट तर घरातल्या बारक्या पोरांनाही पाठ होती. दुसरा फोटो परतीच्या जहाजाचा होता. काशीराम मुंबईला यायला निघाला होता. नावापुढे लिहिलं होतं, वाटेत मृत्यू.

"येत होता रं तो," एवढंच म्हणून गोदूबाई हमसून हमसून रडल्या.

पण फोटोवर साल होतं आणि ते प्लेगच्या कितीतरी आधीचं होतं. घरातली कार्यं आता धाकटे दीर धर्मराज करत. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाले, "वयनी, काशीरामचं पान आता अमावास्येला वाढू. पन मैनेची नवमी बंद. नवरा आधी गेला, मंग ती सवाष्ण कशी?"

रीतीला धरूनच बोलत होते ते. गोदूबाईंना मात्र आपला दिवस आठवला. भगवान गेले त्या दिवशी चौघींनी त्यांचं कुंकू पुसलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता मैनेचं पुसायला आपणच पुरावा आणून दिला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

नवमी आली. धर्मराज सकाळी बघतात तर स्वयंपाक तयार आणि शेजारची कीर्ती सवाष्ण म्हणून पाटावर बसलेली.

"हे काय, वयनी?"

"भावोजी, तुमचं दिनानाथमामा समुद्रान गेलं. कवा गेलं ती तिथी कोनाला ठावं नाय. वर्षश्राद्ध कवा करता?"

"निरोप आला ती तिथी धरतो. रीतच हाय तशी."

"मंग काशीरामचा निरोप कवा आला?"

"औंदा."

"आनि मैना कवा गेली?"

"पलेगान. म्हंजे निरोपाच्या आधीच," कीर्तीसमोरच्या रिकाम्या पानाकडे बघत धर्मराज पुटपुटले. मग खांद्यावर टॉवेल टाकून म्हणाले, "निरोप आलाय तं सुतकाची आंघोल राहिली ना आपली." दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी परत आले.

भगवान गेल्यापासून सवाष्णीला कुंकू लावायचं काम जाऊबाई करत. सवयीने त्या पुढे झाल्या. धर्मराजांनी त्यांच्या हातातला कुंकवाचा करंडा घेतला आणि गोदूबाईंपुढे धरला.

"तुमी लावा, वयनी," ते म्हणाले. "निरोप तुमी आनलाय."