काळ्या कोटाच्या पिक्चरवर वाईकरांची मतं

थिएटरात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं साठतात तसे ते आपोआप साठतात. टरफलं निदान रोज झाडून तरी निघतात! मी वाईच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत मशिनवाला. पंचाहत्तरच्या आगंमागंची गोष्ट. बाकी पिक्चरांचं सोडा, एकट्या काळ्या कोटाच्या पिक्चरनं मला जन्मभर पुरतील एवढे किस्से दिले.

पिक्चरचं खरं नाव लांबलचक होतं. तिकीट मागताना ते कुणी घेतलं नाही. "काळ्या कोटाची दोन द्या," एवढंच. गोष्ट अशी, की एका शेठचा खून होतो. तपासाला काळ्या कोटातला डिटेक्टिव्ह येतो. संशय दोघांवर, शेठचा वकील भाऊ आणि घरचा डॉक्टर. पुरावा मिळेना, म्हणून डिटेक्टिव्ह एका मांत्रिकाला गाठतो आणि मेलेल्या शेठलाच बोलतं करायला निघतो. सगळं अंधारात, धुरात आणि पावसात.

हे पिक्चर आमच्या मॅनेजरांनी, देशमाने साहेबांनी, हट्टानं आणलेलं. मालक राहायचे सांगलीला, विश्रामबागेत. त्यांना देवादिकांचं पिक्चर हवं होतं. त्यांनी फोनवर बजावलं, "एक आठवडा देतो. नाही चाललं तर पिक्चर बदलू. मॅनेजरपण बदलू!"

साहेबांनी धसका घेतला. बाहेर टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली, पेन दोऱ्यानं बांधून. लोकांची चांगली चांगली मतं मालकांना दाखवायची, असा बेत.

शुक्रवारी पहिला शो सुटला. पहिलं मत पडलं : 'पिक्चर बरे आहे. परंतु दिसत नाही.'

*

ते खोटंही नव्हतं. पहिली वीस मिनिटं पडद्यावर फक्त डिटेक्टिव्हच्या सिगारेटचं टोक दिसायचं. खालून पब्लिक ओरडायची, "मशिनवाला, झोपला का रं? लाईट वाढीव!"

मी माझ्या परीनं वाढवायचो. पण मुळात फिल्मच काळी, मी काय करणार?

मध्यंतरात पसरणीच्या एका पैलवानानं साहेबांना दारातच गाठलं. साहेब त्याला समजावून सांगायला लागले, "अहो, अंधार हाच या पिक्चरचा आत्मा आहे. मुद्दाम ठेवलाय तो."

पैलवान म्हणाला, "आवं सायेब, अंधार आमच्या गावात फुकाट हाय. त्यासाटनं वाईला कशाला यायचं?"

*

शनिवारी बायकांच्या बाजूला एक आत्याबाई बसल्या होत्या. उसाच्या मळ्यातून थेट आलेल्या, कनवटीला तंबाखूची चंची. पिक्चरमधे शेठची मुलगी हातात मेणबत्ती घेऊन एकटीच त्या पडक्या बंगल्यात शिरते. सगळं थिएटर चिडीचूप. आणि आत्याबाई उठून उभ्या राहिल्या!

"आगं ए बया! जाऊ नगंस आत! त्यो दाराआड हाय!"

पोरगी गेली.

"आगं मागं फिर की! लय वंगाळ हाय त्यो!"

पोरगी जिना चढली.

आत्याबाईंनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाल्या. आमचे डोअरकीपर हणमंतमामा, लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, ते म्हणाले, "आवं आत्या, आजून निम्मं पिक्चर हाय."

"ऱ्हाऊ दे. सांगून आयकत न्हाई तिच्यासाटनं कुठं जीव जाळीत बसू? घरात सून हाय की तसली!"

*

रविवारी घाटावरचे एक गुरुजी आले. उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून, कुणी ओळखू नये म्हणून. सगळ्यांनी ओळखलं. शो सुटल्यावर ते तरातरा साहेबांच्या खोलीत शिरले. मी तिथेच चहा पीत होतो.

"देशमाने, हा काय प्रकार आहे? तो मांत्रिक प्रेतापुढे बसून जे म्हणतो ना, ते मौंजीबंधनातलं आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? प्रेताची मुंज लावली हो त्यानं!"

साहेब काकुळतीला आले. "गुरुजी, लोकांना कुठं कळतंय त्यातलं?"

"लोकांचं सोडा हो. त्या शेठचं काय? आता तो उठला तर खुन्याचं नाव थोडंच सांगणार? 'भवति भिक्षां देहि' म्हणेल!"

इथंच संपलं असतं तर बरं. सोमवारी गुरुजी आणखी तिघांना घेऊन आले, म्हणे खात्री करून घ्यायला. प्रेत तिरडीवर हळूहळू उठून बसतं, ही पिक्चरमधली सगळ्यात भयानक जागा. बायका डोळे मिटून घ्यायच्या. त्या दिवशी प्रेत उठलं आणि तिसऱ्या रांगेतून चौघांनी एका सुरात म्हटलं, "ॐ भवति भिक्षां देहि!"

थिएटर एवढं हसलं, की पुढची दहा मिनिटं डायलॉग ऐकू आला नाही. साहेब माझ्या केबिनमधे येऊन डोकं धरून बसले. "गेली माझी नोकरी! भुताला हसतात रे लोक!"

*

रज्जाकभाई टेलर मात्र ओळीनं पाच दिवस आले. साहेबांना केवढा आनंद! असा एक तरी प्रेक्षक मालकांना दाखवता येईल म्हणून त्यांनी रज्जाकभाईंना स्पेशल चहा पाजला आणि विचारलं, "काय आवडलं एवढं? सस्पेन्स?"

"कुठला सस्पेन्स, साहेब? मी कोट बघाया येतो. बंगल्यात शिरताना त्याच्या कोटाला चार बटनं असतात. जिना चढून वर गेला की तीन. खाली आला की परत चार!"

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे तो काही क्ल्यू आहे का?"

"क्ल्यू कसला? खून कुणी केला ते डिटेक्टिव्ह बघून घेईल. हा कोट ज्यानं शिवला त्याला आधी पकडा म्हणावं!"

*

आणि गुरुवारी मालक आले. बाजारचा दिवस, तीनचा शो. आसपासच्या गावांतून आलेल्या माणसांनी थिएटर खच्चून भरलेलं. मालक मधोमध बसले, शेजारी साहेब. साहेबांचा चेहरा तिरडीवरच्या शेठसारखा.

पिक्चर मात्र झकास रंगलं. कुणी हसलं नाही, ओरडलं नाही. शेवटच्या रिळात प्रेत उठलं, त्यानं बोट वर केलं, "मेरा खूनी..." म्हणालं आणि लाईट गेली!

चौकशी केली तर संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. हणमंतमामांनी दारं उघडली, ऊन आत आलं. पण एक माणूस उठेना!

"खुनी कोण त्ये सांगा, मग जातो!"

मी केबिनच्या झरोक्यातून तोंड बाहेर काढलं. "अहो, मला माहीत आहे! सांगतो, तो..."

"गप रं! तुला काय कळतंय? तू मशिन बघ! आमचं आमी ठरवू!"

हणमंतमामांचा हवालदार जागा झाला. ते पडद्यापुढं जाऊन उभे राहिले. "सायलेन्स! एकेकानं बोलायचं!"

एक फेटेवाले आजोबा उठले. "माझं मत डागतर. लय ग्वाड बोलतोय. सुई टोचताना बी हासतोय गड्या!"

"मग वकील काय कमी हाय व्हय?" दुसरा उठला. "सख्खा भाऊ मेला तर टिपूस न्हाई काढलं त्यानं!"

पाऊण तास कडाक्याचं भांडण झालं. एक जण तर डिटेक्टिव्हवरच घसरला, म्हणाला एवढ्या उन्हाळ्यात कोट घालणारा माणूस सरळ असंल का? शेवटी मामांनी हात वर करायला लावले. वकिलाला थोडे. डॉक्टरला अख्खं थिएटर. साहेबांनी चोरून शेजारी पाहिलं. मालकांचा हात वर होता! डॉक्टरला!

मामांनी निकाल दिला, "डागतर! डिसमिस!" टाळ्या पडल्या. लोक खुशीत घरी गेले.

मालक जाताना साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ठेवा अजून एक आठवडा. आणि आजच्या लोकांना उद्या त्याच तिकिटावर सोडा आत."

साहेबांनी मला मिठीच मारली.

शुक्रवारी तीनला झाडून सगळे हजर. फेटेवाले आजोबा पहिल्या रांगेत. शेवटचं रीळ आलं. प्रेत उठलं, बोट वर झालं, "मेरा खूनी..." आणि ते बोट सरळ वकील भावाकडं वळलं.

सगळ्या माना आजोबांकडं वळल्या.

आजोबा सावकाश उठले, वळून सगळ्या पब्लिककडं बघितलं आणि म्हणाले, "आं? आन् ह्ये कवा ठरलं?"