चष्मा काढणारे डॉक्टर

सांगतो, पण एक अट आहे. माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. आमची ही आत्तापासूनच तोंडाला पदर लावून बसलीय, तिला सोडून द्या. तिचा तो हक्कच आहे.

मी अमेरिकेला का गेलो नाही, याची कारणं मी लोकांना सोयीप्रमाणे सांगतो. आईची तब्येत, देशप्रेम, तिकडची थंडी. सगळं खोटं! मी गेलो नाही, कारण एका माणसाने चष्मा काढला.

सन दोन हजार तोंडावर आलं होतं. साल बदललं की जगातले सगळे कॉम्प्युटर आडवे होणार म्हणून अमेरिका हवालदिल झालेली. तिला वाचवायला आमच्या ऑफिसातून एक माणूस जाणार होता. एकच! व्हिसा दोघांचे तयार, माझा आणि शिर्केचा. साहेबांनी नाव काढलं माझं. शिर्केने हात मिळवला, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. घरी बॅगा भरल्या गेल्या, मेतकूटसुद्धा बांधून झालं. रविवारी विमान.

आणि त्याच्या आधीच्या सोमवारी माझ्या छातीत कळ आली.

आता ती का आली, तर ऑफिसात नवं यंत्र बसवलं होतं. बटण दाबलं की कॉफी. फुकट! सदाशिव पेठेत वाढलेला माणूस फुकट यंत्रासमोरून नुसता जाईल का हो? दिवसाला चौदा कप! पण हे तेव्हा कुणाला सुचतंय? मला वाटलं, हृदयच.

गेलो पेठेतल्याच एका नावाजलेल्या दवाखान्यात. दारातल्या बाईंनी मान वर न करता चिठ्ठी दिली. "अकरावा नंबर."

"अहो बाई, माझ्या छातीत दुखतंय!"

"इथे सगळ्यांना काहीतरी दुखतंच आहे. बसा."

बसलो. थोड्या वेळाने बाई कुठेशा आत गेल्या. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी डोकावलो आणि माझ्या जिवात जीव आला. खुर्चीत बसलेला तो चेहरा मी लहानपणापासून ओळखत होतो! पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा. कुठे पाहिलंय ते आठवेना, पण डॉक्टर, एवढं नक्की. माझ्या गोवराच्या वेळी आले होते का? की आजोबांच्या आजारपणात? काही असो, घरचाच माणूस म्हणायचा.

घुसलो आत.

"डॉक्टर, ओळखलंत ना?"

"अं? नाही... अहो, मी..."

"असू द्या, तुम्ही किती जणांना लक्षात ठेवणार!" असं म्हणून मी सुरू झालो. छाती, पोट, आमच्या घराण्यातले सगळे आजार. ते मध्ये काहीतरी बोलू बघत होते, पण मी बोलू देईन तर ना! शर्ट काढून टेबलावर ठेवला. "आ" करून जीभ बाहेर काढली आणि एवढा मोठा श्वास सोडला की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

त्यांनी हळूच चष्मा काढला. काचा पुसल्या. एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग उठून माझ्या उघड्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी आलंय का?"

संपलं! का कोण जाणे, पण डॉक्टरने चष्मा काढून खांद्यावर हात ठेवला की माणूस वाचत नाही, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. शर्ट उचलला आणि पळालो.

समोरच्या पिवळ्या बूथवरून साहेबांना फोन लावला. "साहेब, शिर्केला पाठवा."

"का हो? नीट विचार करून सांगा."

"विचार करायला वेळ कुठाय माझ्याकडे!" आणि बूथमध्येच रडलो. खोटं कशाला बोलू, हुंदके देऊन रडलो.

घरी गेलो. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजाराचं नाव काय?"

"विचारलं नाही."

"मरायला निघालात आणि नाव नाही विचारलंत? चला!"

हात धरून परत घेऊन आली. बाई म्हणाल्या, "तुमचा नंबर गेला. दोनदा पुकारला." हिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत. आत एक टक्कलवाले गृहस्थ खुर्चीत, आणि माझे डॉक्टर स्टुलावर बसून चहा पितायत!

"हेच ते," मी म्हणालो.

ही किंचाळलीच. "अगंबाई! अहो, हे तर सिनेमातले!"

मग लख्ख आठवलं. पस्तीस वर्षं हा माणूस हिंदी सिनेमात डॉक्टर होता. नुसता डॉक्टर! नायकाची आई, नायिकेचे वडील, सगळे यांच्याच हाताखाली गेले. दोन मिनिटांचं काम, बॅग घेऊन यायचं, चष्मा काढायचा, खांद्यावर हात ठेवायचा. नाव पडद्यावर कधीच नीट आलं नाही. टक्कलवाले डॉक्टर त्यांचे शाळासोबती. "बस माझ्या खुर्चीत, तुला सवय आहे," म्हणून ते वर घरी चहा सांगायला गेले होते, तेवढ्यात मी.

"अहो, मी सांगत होतो तुम्हाला," ते बिचारे ओशाळून म्हणाले. "पण खरं सांगू? एवढी वर्षं डॉक्टर झालो, पण माझ्यावर इतका विश्वास ठेवणारा पेशंट पहिलाच."

खऱ्या डॉक्टरांनी मला तपासलं. गॅसेस! "कॉफी बंद करा," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

धावत बूथ गाठला. साहेब म्हणाले, "फॅक्स गेला की हो. तिकडून होकारही आला." शिर्के गेला. अजून तिकडेच आहे. दर दिवाळीला घराचा फोटो पाठवतो, मागे बर्फ आणि पुढे गाडी. पहिली दोन वर्षं तो फोटो बघून मला जेवण जायचं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही सिनेमाला गेलो. सुरुवातीच्या नावांत त्यांचं नाव आलं, चक्क एकट्याचं! आणि या खेपेला ते डॉक्टर नव्हते, पेशंट होते. दवाखान्यात घुसले, कुणाचं काही ऐकून न घेता शर्ट काढला, "आ" केलं, घराण्यातले आजार सांगितले आणि शेवटी शर्ट काखेत मारून पळाले. अख्खं थिएटर हसून लोळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! पस्तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा मिळाल्या असतील.

मी अंधारात खुर्चीत खाली खाली सरकत होतो. शेजारी हिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी. पदराने डोळे पुसत मला कोपराने ढोसून म्हणते कशी,

"अहो, या पेशंटला कुठेतरी पाहिलंय हो!"