वय वर्षे तेरा

माझं अक्षर चांगलं आहे, याची शिक्षा मला नोकरीभर मिळाली. नाशिकच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नव्वदच्या दशकात अपघात विभागात सिस्टर होते, तिथे कुठलाही तक्ता किंवा फलक लिहायचा झाला की साहेबांना पहिली मी आठवायची. मोठी दुर्घटना झाली तर काय करायचं, याचा आराखडा वरून मागवला गेला तेव्हाही तसंच झालं. समितीतले सगळे चहा पीत सुचवायचे आणि मी लिहायचे.

पुरुष जखमी कुठे, स्त्रिया कुठे, मृतदेह कुठे, पत्रकार कुठे, सगळं ठरलं. मंत्री आले तर त्यांची गाडी कुठे लावायची यावर दोन बैठका गेल्या. शेवटच्या बैठकीत, समोसे संपल्यावर, कोणीतरी विचारलं की लहान मुलांचं काय. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, लिहा, बारा वर्षांखालील बालकांना तातडीने वेगळे करून बालविभागात हलवावे. मी ते सुबक अक्षरात लिहिलं आणि ‘तातडीने’खाली माझ्या मनाने लाल रेघ मारली. मला तो नियम फार समंजस वाटला होता, हे कबूल करते. मोठ्यांच्या रक्तात आणि कण्हण्यात लेकरांनी कशाला राहायचं?

त्याच हिवाळ्यात पेठच्या घाटात एक जीप उलटली. डोंगराकडची माणसं दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला निघाली होती. सकाळी नऊच्या सुमाराला जखमी आमच्या दारात आले, आणि दारात मीच उभी होते. एका बाईचा पाय मांडीत मोडला होता. तिच्या कुशीत चारेक वर्षांची मुलगी होती. कपाळावर एक ओरखडा, बाकी धडधाकट. बाईची पकड सोडवायला मला वॉर्डबॉयची मदत घ्यावी लागली. तिला स्त्री विभागात पाठवलं आणि मुलीला मी स्वतः मागच्या इमारतीत, बालविभागात पोचवून आले. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मग मी टाके, पट्ट्या, सलाईन यांत बुडाले.

दुपारी बालविभागातून निरोप आला की ही मुलगी तोंडच उघडत नाही. नाव सांगत नव्हती, रडत नव्हती, पाणी पीत नव्हती. चमचा लावला की ओठ घट्ट मिटायचे. मी तिच्या मनगटाला चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर वय होतं, ओरखडा होता, आणण्याची वेळ होती. मूल कोणाचं, हा रकानाच आम्ही काढला नव्हता. त्यामुळे कागदावर तिची नोंद ‘अनोळखी’ अशी झाली होती. अनोळखी मुलाला पाच वाजता रिमांड होमची गाडी न्यायला येत असे, आणि हवालदार तसा कागद तयार करत बसले होते.

मी धावत जाऊन सांगितलं की हिची आई आपल्याच स्त्री विभागात आहे. मग तिला बोलवा, बालविभागाच्या सिस्टर म्हणाल्या, पास काढून बसू दे जवळ. पण पास मिळायचा नातेवाइकाला, आणि आई तर रुग्ण म्हणून दाखल होती. रुग्णाला कोणी नातेवाईक समजत नसे. शिवाय तिचा पाय वजनं लावून टांगलेला. बरं, मुलीला तिकडे न्यावं, तर स्त्री विभागाच्या दारावर ‘बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ असा फलक होता, तोही माझ्याच अक्षरात. हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, ओळख पटली की माझी काही हरकत नाही, फक्त दोघींना समोरासमोर आणा.

पुढे दोन हजारनंतर हा आराखडा संगणकावर गेला, तेव्हा ‘मुलाला आईजवळच ठेवावे’ असं वाक्य मी सुचवलं होतं. समितीला ते हृदयस्पर्शी वाटलं. ते परिशिष्टात घ्यायचं ठरलं आणि परिशिष्ट छापायचं राहून गेलं.

तर साडेतीन वाजले होते. स्त्री विभागात झाडलोट करणाऱ्या, मूळच्या सुरगाण्याकडच्या मावशी मला शोधत आल्या. त्या बाईने दोनदा सलाईन उपटून काढलं होतं. नवे डॉक्टर तिला गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगत होते, कारण दुखण्याने ती बडबडते असं त्यांना वाटत होतं.

“सिस्टर, ती बडबडत नाय,” मावशी म्हणाल्या, “पोर मागतीय.”

मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी अपघात विभागातून कोरा केसपेपर घेतला. त्यावर लिहिलं: स्त्री रुग्ण, वय वर्षे तेरा, कपाळास जखम, स्त्री विभागात दाखल करावे. सही केली, शिक्का मारला. खाली मोठ्या अक्षरात ‘कोणतेही औषध देऊ नये’ असंही लिहिलं, नाहीतर तेराव्या वर्षाचा डोस कोणीतरी शिस्तीत टोचला असता. मग बालविभागात जाऊन मुलीला कडेवर घेतलं.

स्त्री विभागाच्या इनचार्ज सिस्टरांनी कागद पाहिला, मग माझ्या कडेवर पाहिलं.

“तेरा?”

“अंगाने बारीक आहे,” मी म्हणाले.

त्यांनी शिक्का उजेडात धरून बघितला. शिक्का बरोबर होता. मग त्यांनी फक्त एवढंच बजावलं की एका खाटेवर दोन रुग्ण चालणार नाहीत. म्हणून आईच्या शेजारची, भिंतीकडची खाट तेरा वर्षांच्या रुग्णाच्या नावे लागली, आणि संध्याकाळी तिच्या नावाने मोठ्या माणसाचं पूर्ण ताट आलं.

त्या खाटेवर ती एक मिनिटही बसली नाही. मी तिला आईजवळ सोडलं, तशी ती माझ्या बाजूने आईच्या कुशीत शिरली. आई रडली नाही. तिने मुलीचं डोकं हुंगलं, हातपाय चाचपले आणि उशाशी ठेवलेला पेला तिच्या ओठांना लावला. सकाळपासून मिटलेले ओठ उघडले. पोरगी घटाघटा सगळं पाणी प्यायली. मागोमाग आलेल्या हवालदारांनी दारातून ते पाहिलं आणि आपला कागद फाडला. माझे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर मी तिथे उगाच रेंगाळत होते. आता बाई काहीतरी चांगलं बोलेल, अशी वाट बघत.

बाईने मावशींना त्यांच्या डोंगराकडच्या बोलीत काहीतरी विचारलं. मावशी माझ्याकडे बघेनात.

“ती इचारतीय, पोर कोनी नेली व्हती.”

नियमाने नेली, समितीने नेली, साहेबांनी नेली, असं मला सांगता आलं असतं.

“मी,” मी म्हणाले.

ते मावशींना तिच्या बोलीत सांगावं लागलं नाही. बाईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग टांगलेल्या पायासकट जेवढं वळता येईल तेवढं वळून तिने मुलीला माझ्या बाजूने उचललं आणि पलीकडे, भिंतीच्या बाजूला घेतलं.