आठवण येणारे ग्राहक

लोणखेड्यातले सलूनवाले काका समोरच्याशी नाही, आरशातल्या माणसाशी बोलतात. पलीकडे नवं सलून झालं आणि त्यांची गिऱ्हाइकं घटली. आमच्या घरातला पहिला कॉलेजवाला मी. ईमेल मार्केटिंग सुचवल्याशिवाय मला राहवेना. जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते जमवून मी मोठ्या ऐटीत मजकूर वाचला, "बऱ्याच दिवसांत आला नाहीत. तुमची आठवण येते."

मग यादीतलं पहिलं नाव ऐकताच काकांची कात्री थांबली. "हाऊ सदा कटकट करस. यानी याद माले येस नही. काढ. खोटं काबर लिखानं, भाऊ?"

ज्याची आठवण येत नाही त्याला खोटं कशाला लिहायचं, असं म्हणत सगळी नावं गेली. उरलं ते चाचणीसाठी टाकलेलं माझं. मी तेही खोडू लागलो.

"ते ऱ्हाऊ दे," काका आरशाला म्हणाले.

मीच लिहिलेला ईमेल मलाच आला. दुसऱ्या दिवशी, दाढी धड उगवलेली नसताना, मी खुर्चीत जाऊन बसलो.