चतुराबाईंच्या गिरणीत लागलेला फोनचा नंबर

चतुराबाईंच्या गिरणीत एक मशीन आहे, अशी बिडकीनमध्ये बोलवा होती. फोन त्याच्यापुढं धरला की व्हिडिओ खरा का खोटा ते मशीन सांगतं म्हणे. एक जण म्हणायचा, पोलिसांनी दिलंय. दुसरा म्हणायचा, नाय बावा, जावयानं दुबईहून आणलंय.

मशीन एकच आहे, गहू दळणारं. बाकी बाईंकडं काच तडकलेला एक फोन आणि दाराशी टांगलेला एक फळा. त्यावर रोज नेटवर सापडलेली एक गोष्ट. 'ऑक्टोपसला तीन काळजं असतात. खरं.' 'भिजलेला फोन तांदळात ठेवून उपयोग नाय. खरं.' 'नटीच्या गुपचूप लग्नाचा फोटो खोटा. नवरदेवाला सहा बोटं.' दळण होईस्तोवर लोक तेच वाचत बसायचे. खरं किंवा खोटं लिहायच्या आधी बाई तीन जाणकारांना फोन करायच्या. दोघांचं जुळलं तरी तिसऱ्यासाठी थांबायच्या. "दोन साक्षीदार तर भांडणातबी मिळतेत," म्हणायच्या, आणि शेवटचा शब्द नाकातून सोडायच्या. मला नकला करायची खोड; मी एकदा त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल करून दाखवली. त्यांनी माझा डबा उचलून सगळ्यात मागं ठेवला.

त्या मंगळवारी दुपारी चारला मी दळण घ्यायला गेले होते. तेवढ्यात लक्ष्मण पळत आत घुसला. हा वेरूळकडचा, फटफटीला भोंगा लावून "जुने फुटके मोबाईल द्या, टब घ्या" करत हिंडणारा. ओठ फुटलेला. मागं वीसेक माणसं.

दोन दिवस गावात एक व्हिडिओ फिरत होता. निळ्या शर्टातला माणूस लेकरू उचलतो, पोत्यात घालतो आणि चालायला लागतो. लक्ष्मणचा शर्ट निळा होता. फटफटीला पोतं होतं. आणि गीताबाईंचा नातू त्या पोत्यातले फोन बघायला वाकला होता. एवढं पुरलं.

चतुराबाईंनी लक्ष्मणला मधल्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागं ढकललं, दार ओढून कडी घातली आणि गिरणी बंद केली. मी पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावला. पलीकडून सांगितलं, गाडी निघालीय, वीस मिनिटं. बाहेर विश्वजीत लोखंडी पाना घेऊन उभा. चितेगावला कंपनीत जातो. एरवी कुणाशी मोठ्यानं बोलत नाय.

"मावशी, बाजूला व्हा. बाहेर काढा त्याला."

"नंबर लाव," बाई म्हणाल्या.

"काय?"

"गिरणीत आलास न्हवं? मग नंबर लाव."

आमच्याकडं हा नियम फार कडक आहे. डबा ठेवून माणूस घरी गेला तरी त्याचा नंबर डबा राखतो. कुणी मधे घुसला तर त्याचं धान्य तसंच परत.

"ज्याला ज्याच्याकडून व्हिडिओ आला, त्यानं त्याच्या मागं फोन ठिवायचा," बाई म्हणाल्या. "डब्याच्या झाकणावर. सगळ्यात म्होरचा जो निघंल, त्यानं म्हणावं, मी हे बिडकीनात डोळ्यानं बघितलं. मी सोता कडी काढते."

लोकांना वाटलं, सोपं झालं. मला ते पटेना. म्होरच्यानं खोटंच ठोकून दिलं तर?

मी बाईंच्या कानाला लागले. "मावशी, म्होरचा कबूल करणार नाय. एक तर थाप मारंल, न्हाईतर फोन खिशात घालून सटकंल. पैज लावा."

"हरलीस तर?"

"आठ दिवस कुणाची नक्कल नाय."

"लागली."

विश्वजीतनं पहिला फोन ठेवला. "मला गीताकाकूंकडून आला." गीताबाईंनी त्याच्या पुढच्या डब्यावर ठेवला. "मला मेडिकलवाल्या सत्यमनं धाडला. एवढा शिकलेला पोरगा धाडतो म्हणल्यावर गावातलंच असंल, असं वाटलं मला." मागं भराभर फोन लागले, अकरा झाले. प्रत्येक काचेवर तेच लेकरू, तोच निळा शर्ट. थप्पीमागं लक्ष्मण खोकला आणि गर्दी एक पाऊल पुढं सरकली.

"सत्यम, तुला कुणी?" विश्वजीत ओरडला.

सत्यम गीताबाईंच्या पुढं फोन ठेवून फळ्याकडं बघत राहिला.

"बोल की! फार्मसी शिकला का मौनव्रत?"

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मला तुमच्याकडून आला."

बाईंनी कमरेचा बटवा उघडला, फोन काढला, बोटानं मागं सारत गेल्या. रविवार सकाळ. व्हिडिओ होता. त्याच्या खाली दुसऱ्या निरोपात बाईंनी लिहिलेलं, 'कुठलं हाय? पडताळायचंय.' सत्यमनं फक्त वरचा पुढं ढकलला होता.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, चूक सत्यमची. म्हटलं असतं तर कुणीच आडवं गेलं नसतं.

त्यांनी फोन सगळ्यात पुढच्या डब्यावर ठेवला. "म्होरचा नंबर माझा. बाहेरच्या एका ग्रुपवरून गावात हा मी आणला. दोघं जण म्हणले, आपल्याकडचं नाय. तिसरा फोन उचलंना, म्हणून फळा कोरा ठिवला. तिथं चुकलं माझं. दोन दिवस गप बसले."

"म्हंजे तुम्ही बघितलं नाय?" विश्वजीत म्हणाला.

"नाय बघितलं. आन तू?" त्यांनी बोट ठेवून व्हिडिओ थांबवला. "लेकराकडं नको बघू. मागं दुकान हाय, त्याची पाटी वाच."

विश्वजीत वाकला. गीताबाईंनी चष्मा वर केला. पाटीवरची गोल गोल अक्षरं आमच्यातल्या एकालाही वाचता येईनात.

"बिडकीनात असली पाटी कुठं हाय, दाखव. मग कडी काढते."

विश्वजीतनं पाना खाली केला. टाकला नाय, खाली केला. पण मागची चार-पाच माणसं आपापले फोन उचलून निघाली, त्यांच्या मागं बाकीचीबी. पोलिसांची गाडी आली तेव्हा दारात आम्ही सहाच होतो. लक्ष्मण बाहेर आला, पिठानं डोक्यापासून पांढरा. गीताबाईंनी त्याला पाणी दिलं, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाय.

तो गेल्यावर बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'लेकरू पळवल्याचा व्हिडिओ आपल्याकडचा नाय. गावात चतुराबाईनं आणला.' खडू ठेवून माझ्याकडं वळल्या.

विश्वजीतचं ते "म्हंजे तुम्ही बघितलं नाय?" माझ्या जिभेवर अगदी तयार होतं, त्याच्या घोगऱ्या आवाजासकट.

"आठ दिवस," बाई म्हणाल्या.

मी तोंड मिटलं.